कळतं पण वळत नाही, अशा माणसाला म्हणायचं काय?

पडवी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. एक शब्द हवा आहे. कोशात सापडणारा नको, घरात तोंडावर येईल असा हवा.

आधी प्रसंग सांगते. आमचं घर राजापूरजवळ. थोडी कलमं आहेत, घरापुरता आंबा होतो आणि वर चार-पाच पेट्या नातेवाइकांना जातात. बाबा ७८ वर्षांचे, मधुमेह १९ वर्षांचा. यंदा एप्रिलात जेवणानंतरची साखर २८० आली आणि डॉक्टरांनी आंबा बंद करायला सांगितलं. बाबांनी काही हुज्जत घातली नाही. उलट झेला घेऊन गडी आला तेव्हा त्यांनीच उभं राहून आंबे उतरवून घेतले, कोठीच्या खोलीत पेंढा पसरून आढी घातली आणि रोज सकाळी उलथापालथ करून पिकलेले वेगळे काढत राहिले. पानात एकदाही घेतला नाही.

गेल्या मंगळवारी रात्री तीनच्या सुमाराला पेंढा सळसळल्याचा आवाज आला. उंदीर लागले असं वाटून मी टॉर्च घेऊन गेले. बाबा पाटावर भिंतीला टेकून बसले होते. हातात आंबा, देठाकडून साल दातांनी सोललेली. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेला. समोर जमिनीवर दोन बाठे, चोखून चोखून पांढरे झालेले. साली पेंढ्याखाली सारलेल्या, पण एकीचं टोक बाहेर दिसत होतं. मी टॉर्च विझवला. काय बोलावं ते मला सुचेना.

तेवढ्यात आई आली. "अहो, काय हा हावरटपणा! या वयात!" एवढंच म्हणाली. बाबा उठले, हात धुतले आणि जाऊन झोपले. सकाळी चहाच्या वेळी मला हळूच म्हणाले, "मी हावरा नाही गो. हावरा असतो तर दुपारी सगळ्यांच्या समोर मागून खाल्ला असता. चोरून कशाला खाल्ला असता?"

दोन दिवस हे वाक्य डोक्यातून जात नाही. हावरा, अधाशी, खादाड, वखवखलेला, लोचट. एकही शब्द त्यांना बसत नाही. मी शाळेत २६ वर्षं मराठी शिकवलं. 'संयमी' याच्या विरुद्ध 'असंयमी' असं मुलांकडून शेकडो वेळा लिहून घेतलं. पण आपल्या बापाला 'असंयमी' कोण म्हणतं? ज्याला कळतं, ज्याला थांबायचंही असतं, पण त्या घटकेला थांबता येत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द आहे का?

ओले_काजूगर

अजितेंद्रिय.

पडवी

माहीत आहे. पण तो कीर्तनातला शब्द झाला. आई बाबांना "अहो, तुम्ही अजितेंद्रिय आहात" म्हणणार नाही. शिवाय त्यात सगळी इंद्रियं एकदम येतात. बाबांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही, कुणाला वेडंवाकडं बोलले नाहीत. एका हापूसपुरतं हे आहे.

शब्दवेल्हाळ

पडवीताई, तुमचा प्रश्न वाचून मी बराच वेळ 'अनावर' या शब्दापाशी थांबलो. अन् + आवर, ज्याला आवर घालता येत नाही ते. अर्थाने अगदी जवळचा. पण वापर आठवून बघा. राग अनावर झाला. झोप अनावर झाली. हसू अनावर झालं. अश्रू अनावर झाले. प्रत्येक ठिकाणी अनावर काय आहे? राग, झोप, हसू, अश्रू. माणूस नाही. "माझे काका फार अनावर आहेत" असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर ऐकणारा विचारील, कशाने?

क्रियापदांचंही तेच. "मला हसू आवरेना." "त्याला राहवेना." "न राहवून ती बोलली." यात माणूस कर्ता नाहीच. तो 'मला', 'त्याला' असा चतुर्थीत बाजूला उभा आहे, आणि हसू किंवा ओढ पुढे येऊन वाक्य चालवते आहे. मराठीने कळत-नकळत एक निवाडा करून ठेवला आहे. जो हवं म्हणून खातो तो 'हावरा', तिथे विशेषण माणसाला चिकटलं. ज्याला राहवत नाही त्याला विशेषण नाही, त्याच्यासाठी अख्खं वाक्य आहे. तुम्हाला शब्द सापडत नाही तो शब्द नाहीच म्हणून. त्या जागी 'राहवलं नाही' हे आहे.

तुमचे वडील व्याकरणाच्या भाषेत हेच सांगत आहेत: विशेषण लावू नका, क्रियापद लावा.

कुडाळची

आमच्याकडे पण तसाच. "माका हसू आवरणा नाय." आणि धाग्याचा मथळा मालवणीत "कळता पण वळणा नाय". माझी आवस हे वाक्य स्वतःबद्दलच म्हणायची, दुसऱ्याबद्दल कधी ऐकलं नाही. दुसऱ्याला सांगायची ते वेगळं: "खावक गावला म्हणान खावचा नसता."

मुळाक्षर

मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो. हा धागा मला वर्गात वाचून दाखवावासा वाटतो, कारण पडवीताईंच्या वडिलांनी चहा पिताना जे सांगितलं त्यावर अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राचा सातवा भाग खर्ची घातला आहे.

ग्रीक शब्द 'अक्रासिया'. त्यातला 'अ' म्हणजे आपलाच नकाराचा 'अ', दोन्ही भाषांत एकाच मुळातून आलेला. 'क्रातोस' म्हणजे सत्ता, जोर. 'डेमोक्रसी'च्या शेपटीला आहे तोच. म्हणजे अक्रासिया ही स्वतःवर सत्ता न चालण्याची अवस्था. असा माणूस म्हणजे 'अक्रातेस'. आणि त्याच्याशेजारी अ‍ॅरिस्टॉटल दुसरा एक माणूस उभा करतो, 'अकोलास्तोस'. दोघंही नको ते खातात, नको तितकं पितात. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसत नाही. पण अकोलास्तोसाला वाटतं की असंच जगायचं असतं, समोर आलं की घ्यायचं. त्याला पश्चात्ताप होत नाही, म्हणून तो सुधारणंही अवघड. अक्रातेसाला मात्र कळत असतं की हे चुकतं आहे, आणि नंतर तो खंतावतो. म्हणून त्याच्यावर उपाय चालतो. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, अकोलास्तोसाचा दोष जलोदरासारखा, कायम अंगात मुरलेला. अक्रातेसाचा फेफऱ्यासारखा, मधूनच येऊन जाणारा.

त्याचा आणखी एक दाखला मला फार पटतो. अक्रातेस म्हणजे असं नगर, ज्याने ठराव सगळे चांगले केले आहेत पण एकही अमलात आणत नाही. दुर्जन म्हणजे असं नगर, ज्याचे कायदेच वाईट आहेत आणि ते मात्र काटेकोर पाळले जातात.

पेंढ्याखाली सारलेल्या साली हा ठराव चांगला असल्याचा पुरावा आहे. हावरा माणूस साली लपवत नाही.

खडपा

विचार चांगला आहे, पण मला एक खटकतं. खरोखर कळलेलं असेल तर वळेलच. विस्तवात हात घालू नये हे कळतं, म्हणून कुणी घालत नाही. रात्री तीन वाजता आंबा खाणाऱ्याला 'साखर वाढते' हे ऐकून माहीत आहे, कळलेलं नाही. माहीत असणं आणि कळणं यात फरक आहे.

मुळाक्षर

खडपा, हे सॉक्रेटिसाचं म्हणणं. जाणूनबुजून कुणी वाईट करत नाही, चूक होते ती अज्ञानाने. प्लेटोने लिहिलेल्या एका संवादात तो हे फार जोरात मांडतो. अ‍ॅरिस्टॉटल त्याला उत्तर देतो ते असं: माणसाला ज्ञान असतं, पण त्या घटकेला ते जागं नसतं. झोपेतल्या किंवा प्यायलेल्या माणसाला शास्त्र येत असतं, तो श्लोकही म्हणून दाखवील, पण ते त्या वेळी त्याच्या हाताशी नसतं.

आणि आपल्याकडे अर्जुनाने हाच प्रश्न सरळ विचारला आहे, गीतेच्या तिसऱ्या अध्यायात: *अथ केन प्रयुक्तोऽयं पापं चरति पूरुषः । अनिच्छन्नपि वार्ष्णेय बलादिव नियोजितः ॥* 'अनिच्छन्नपि', इच्छा नसतानाही, कुणी जबरदस्तीने जुंपल्यासारखा. अर्जुनाला कळलेलं नव्हतं असं म्हणवत नाही. पांडवगीतेत दुर्योधनाच्या तोंडी आहे तेही आठवा: *जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः, जानाम्यधर्मं न च मे निवृत्तिः.* 'कळतं पण वळत नाही' याचं याहून नेमकं संस्कृत मला माहीत नाही.

गोठण

तुम्ही सगळे 'कळतं'वर बोलताय. मी 'वळत'वर बोलतो, कारण माझं लहानपण गुरं वळण्यात गेलं.

वळणे हा आमचा रोजचा शब्द. लाडू वळतात, वाती वळतात, सुंभ वळतात, रस्ता वळतो आणि गुरं वळतात. गुरं वळणं म्हणजे त्यांना मारणं नव्हे, बांधून ठेवणंही नव्हे. ती चरत असतात, तुम्ही बाजूला उभे असता, आणि एखादी गाय कुणाच्या नाचणीकडे तोंड करते तेव्हा पुढे जाऊन तिची दिशा फिरवता. बस. दिवसातून ५० वेळा. म्हणून 'वळत नाही' म्हणजे गाय नाचणीत शिरली असा अर्थ मी घेत नाही. ती तोंड करून उभी आहे, तुम्ही हाक मारताय, आणि ती वळत नाहीये. कोकणात पावसाळाभर हे रोज बघायला मिळतं.

आमच्याकडे एक तांबडी गाय होती. गरीब, दूध द्यायला चांगली, लहान मुलांनी शेपटी ओढली तरी लाथ मारायची नाही. पण शेजाऱ्यांच्या वालीच्या वेलांपुढे तिचं काही चालायचं नाही. मांडवाची कूड मोडून आत जायची. आमच्या आजोबांनी तिला लोढणं घातलं. न पाहिलेल्यांसाठी सांगतो. हातभर लांबीचा, मनगटाएवढा जाड लाकडाचा ओंडका, एका टोकाला भोक पाडून दोरीने गळ्यात अडकवायचा. तो पुढच्या दोन पायांमध्ये लोंबतो. गाय सावकाश चालली तर तिला काही त्रास नाही, चरता येतं, बसता येतं. धावायला लागली की ओंडका गुडघ्यांवर आपटतो. लोढणं तिला थांबवत नाही, फक्त धावणं महाग करतं. आमच्या लोढण्याची खालची बाजू घासून घासून गुळगुळीत झाली होती, हाताला थंड लागायची. आजोबा तिला लोढणं घालताना तिच्या मानेवर थाप मारून म्हणायचे, "तुझा दोष नाही, पण वाल त्यांचे आहेत."

'वेसण घालणे', 'मुसक्या बांधणे', 'दावणीला बांधणे', 'बैल उधळला', 'मोकाट सुटला' हे सगळं गोठ्यातूनच आलंय. पण ही माणसावर जबरदस्ती करण्याची भाषा आहे. वळणे तेवढं वेगळं.

शब्दवेल्हाळ

गोठण, सुरेख. आणि 'वळण' हे नामही त्यातलंच. मुलाला वळण लावणे, अक्षराला वळण असणे.

मुळाक्षर

थांबा, मग एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. 'अकोलास्तोस' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'ज्याला शिस्त लावलेली नाही तो'. अ‍ॅरिस्टॉटल स्वतः म्हणतो की हा शब्द लहान मुलांनाही लावतात. म्हणजे मराठीत शब्दशः 'वळण न लागलेला'. तर अकोलास्तोस तो, ज्याला वळणच नाही. अक्रातेस तो, ज्याला वळण आहे पण त्या घटकेला वळत नाही. इतकी वर्षं मी मुलांना हे इंग्रजीतून समजावत होतो आणि दोन्ही शब्द गोठ्यात होते.

रातांबा

मी वैद्य आहे, प्रॅक्टिस दापोली तालुक्यात. मे महिन्यात माझ्याकडे येणारा दर तिसरा रुग्ण आंबा नाहीतर फणसाचे गरे खाऊन आलेला असतो, म्हणून हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा.

चरकाने याचा विचार शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात केला आहे. *धीधृतिस्मृतिविभ्रष्टः कर्म यत् कुरुतेऽशुभम् । प्रज्ञापराधं तं विद्यात् सर्वदोषप्रकोपणम् ॥* प्रज्ञापराध म्हणजे बुद्धी, धृती किंवा स्मृती ढळून हातून होणारं अहिताचं कर्म. हा शब्द बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, पण त्याचे तीन वेगळे दरवाजे आहेत हे सांगितलं जात नाही. पहिला बुद्धीचा: अहितालाच हित समजणं. "आंबा नैसर्गिक आहे, त्याने साखर कशी वाढेल" म्हणणारा इथला. तिसरा स्मृतीचा: वेळेला आठवत नाही. आणि मधला धृतीचा: मन विषयाकडे झुकलं की अहितापासून त्याला मागे ओढता येत नाही, कारण धृती ही आवर घालणारी आहे, 'धृतिर्हि नियमात्मिका'. खडपांचं म्हणणं पहिल्या दरवाज्याचं. पडवीताईंच्या वडिलांचं मधल्या. धृती ढळली आहे, बुद्धी जागेवर आहे.

उपचारात याने फार फरक पडतो. पहिल्याला समजावून सांगावं लागतं. मधल्याला समजावत बसलो तर तो आणखी शरमतो आणि पुढच्या वेळी मला सांगतच नाही. न सांगणं सगळ्यात वाईट.

शब्दवेल्हाळांच्या यादीवरून आणखी एक आठवलं. चरकाने सूत्रस्थानात १३ वेग सांगितले आहेत, जे अडवू नयेत: मल, मूत्र, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप वगैरे. आणि लगेच पुढे जे अडवावेत ते: लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या. मराठीत झोपही अनावर होते, अश्रूही आणि रागही. म्हणजे अडवू नये तेही आणि अडवायला हवं तेही आपण एकाच शब्दात घातलं. मला ही भाषेतली चूक वाटत नाही. ज्याच्यावर गुदरतं त्याला आतून दोन्ही सारखीच जाणवतात.

ताई, एक कामाचं. वडिलांनी रात्री काय खाल्लं ते डॉक्टरांना खरं सांगा. औषधाचा डोस घरच्या घरी कमी-जास्त करू नका.

दिवेलागण

इथे सगळे हळुवार बोलताहेत म्हणून मी जरा वेगळं लिहिते. कुणाला लागलं तर माफ करा.

माझं लग्न झालं ते बंदरावरच्या घरात. नवरा पीत होता. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी हेच वाक्य: "राहवलं नाही गं." १४ वर्षं मी ते ऐकलं. शब्दवेल्हाळ म्हणतात त्या वाक्यात माणूस कर्ता नसतो. बरोबर. तेच त्याला हवं होतं. त्याने प्यायली असं नाही, त्याला राहवलं नाही. बांगडी त्याने गहाण ठेवली असं नाही, ठेवली गेली. त्याला पश्चात्ताप रोज व्हायचा. खरा व्हायचा, रडायचा. मुळाक्षर म्हणतात की खंत आहे त्याच्यावर उपाय चालतो. माझ्या घरात खंतेवर १४ वर्षं निघाली.

शेवटी मी एकदा त्याला सगळ्यांदेखत 'बेवडा' म्हटलं आणि मुलीला घेऊन माहेरी आले. तो शब्द वापरायला नको होता असं मला अजूनही वाटत नाही. पडवीताईंच्या बाबांचं वेगळं, आंब्याने दुसऱ्या कुणाचं घर मोडत नाही. पण 'राहवलं नाही'ला इतकं सोन्याच्या पाटावर बसवू नका.

पडवी

दिवेलागण, लागलं काही नाही. उलट बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी हे विसरले होते की आई १९ वर्षं त्यांचं पथ्य सांभाळते आहे. भाकरी वेगळी, चहा वेगळा. तिच्या 'हावरट'मध्ये रागापेक्षा भीती जास्त होती.

आजचा_दिवस

दिवेलागणताई, मी दुसऱ्या बाजूचा. ११ वर्षं झाली, घेतलेली नाही. तुमच्या घरातला तो मी नव्हे, पण माझ्याही घरात हेच चाललं होतं.

'बेवडा' मला गावाने २० वर्षं म्हटलं. सुरुवातीला टोचायचं. मग त्याचा आधारच झाला. बेवडा आहे ना मी, मग बेवड्याने प्यावं नाहीतर काय करावं. विशेषण चिकटलं की माणूस त्याच्या आत राहायला जातो.

'राहवलं नाही' हेही मी रोज म्हणायचो आणि ते खोटं होतं. कारण मी ते सकाळी म्हणायचो, होऊन गेल्यावर. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत पहिली पायरीच ही असते की दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे तर मी रोजच म्हणतो. तिथल्या एका जुन्या माणसाने विचारलं, "संध्याकाळी सहाला म्हणतोस का? बाटली समोर यायच्या आधी, बायकोला, तोंडाने?" कधीच म्हटलं नव्हतं. ज्या दिवशी सहा वाजता घरी फोन करून "आज मला राहवणार नाही, मला घ्यायला या" म्हणालो, त्या दिवसापासून मोजतो.

वाक्य तेच. काळ बदलला. 'राहवलं नाही' आणि 'राहवणार नाही'. व्याकरणवाल्यांनी याचंही बघावं.

दिवेलागण

वाचलं. दोनदा वाचलं. माझ्याकडे असा फोन कधी आला नाही. आला असता तर मी गेले असते.

सुकाणू

मी मच्छीमार, वडील तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख होते. मुळाक्षरांनी गीता काढली म्हणून सांगतो. दुसऱ्या अध्यायात आहे, इंद्रियांच्या मागे गेलेलं मन माणसाची बुद्धी ओढून नेतं, *वायुर्नावमिवाम्भसि*, वारा पाण्यातल्या होडीला नेतो तसं. ज्ञानेश्वर माउलींनी त्यावर सांगितलं ते मला जास्त भिडतं: होडी थडीला लागत आलेली असताना उलटा वारा सुटला तर चुकलेला धोका पुन्हा पुढ्यात येतो.

जमिनीवरच्या लोकांना वाटतं होडी खोल दर्यात बुडते. आमच्याकडे जास्त भीती खाडीच्या मुखाशी. घर दिसतंय, दिवे दिसतायत, माणसं सैलावलेली, आणि तिथे वाळूच्या दांड्यावर लाट फुटते. पडवीताईंच्या बाबांनी महिनाभर आढी सांभाळली, रोज हाताळलेले आंबे खाल्ले नाहीत. आणि आंबा संपत आला तेव्हा घसरले. मला त्यात नवल वाटत नाही. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा वडील मुखाच्या बरंच अलीकडे शीड उतरवायचे आणि वल्ह्यांवर आत यायचे. वारा चांगला असला तरी. आम्ही पोरं कुरकुरायचो, उशीर होतो म्हणून. त्यांचं एकच म्हणणं, शीड वाऱ्याच्या आधी उतरवायचं, वारा लागल्यावर ते हाताला येत नाही.

आजचा_दिवस यांनी सहा वाजताचा फोन सांगितला, तो मला तसाच वाटला.

कुडाळची

शिमग्याचं कुणी बोलला नाय. बोंबा मारतत, वाट्टेल ता बोलतत, ता काय म्हणायचा?

शब्दवेल्हाळ

त्याला मी 'मोकळीक' म्हणेन. ठरलेले दिवस, ठरलेली जागा, आणि धूळवड-रंगपंचमी आटोपली की पुन्हा जो तो कामाला. ज्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही आहेत ते सुटणं नव्हे.

आजचा_दिवस, तुमच्या काळाच्या मुद्द्यावर विचार करतोय. 'राहवलं नाही' हे घडलेल्याचं वर्णन आहे, त्यात काही करता येण्यासारखं उरत नाही. 'राहवणार नाही' म्हटल्यावर मात्र वाक्य तिथे थांबत नाही, पुढे 'म्हणून' येतं. म्हणून घ्यायला या. म्हणून किल्ली तू ठेव. 'मला' चतुर्थीतच राहतं, पण पुढच्या वाक्यात कर्ता परत येतो. हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात ते यायला हवं होतं.

खडपा

माझं मत मी मागे घेतो असं नाही, पण थोडं सरकवतो. आंबा बघताना कळलेलं जागं नसतं हे मान्य. ते जागं असतं तेव्हाच काय ते करून ठेवायचं, एवढं मला आता पटतंय.

पडवी

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मधले दिवस घरात गडबड होती. डॉक्टरांकडे जाऊन आलो. बाबांनी स्वतः सांगितलं, तीन आंबे, मंगळवारी रात्री. डॉक्टर रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी आहे.

हा धागा मी बाबांना चष्मा लावून वाचायला दिला. त्यांनी लोढण्याचा भाग दोनदा वाचला. म्हणाले, आमच्याकडेही होतं, आंब्याच्या लाकडाचं. मग शब्दाविषयी विचारलं तर म्हणाले, "शब्द नको शोधू. हावरा नाही एवढं लिहिलंस, पुरे."

त्या दिवशी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्यांनी कोठीच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. "आज रात्री मला आवरणार नाही. तुझ्याकडे ठेव." आई काही बोलली नाही. किल्ली पदराच्या गाठीला बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी आढी उलथायला तिनेच दार उघडून दिलं आणि ते करत होते तोवर उंबऱ्यावर बसून राहिली. आता रोजचं हेच चाललंय. शेवटचे ४० एक आंबे उरलेत.

काल रात्री अंथरूण घालताना तिचा आवाज ऐकू आला. "आज आवरतंय का हो?"

"आज आवरतंय. पण किल्ली असू दे तुझ्याकडेच."